भिंतीत शिरलेले पाणी बाहेर कसे पडते?
(विज्ञान विभागाकडून विद्यार्थी, पालक व विश्वस्त यांच्यासाठी)



आपल्या शाळेच्या पश्चिमेकडील भिंतीला तीन वर्षांपूर्वी नवा रंग दिला, हे तुम्हाला आठवत असेल. तो साधा रंग नव्हता. रबरासारखा ताणला जाणारा, जाड, पाणी अजिबात आत जाऊ न देणारा असा त्याचा लौकिक होता. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर फोडांसारखे फुगवटे आले. गेल्या पावसाळ्यात सातवीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत एका फुगवट्याला पेन्सिलचे टोक लावले, तर आतून पाण्याची धार लागली. मुले ओरडतच शिक्षकांच्या खोलीत आली. त्यांतल्या एकाने विचारले, “सर, रंग पाणी अडवतो ना? मग रंगाच्या आत पाणी कुठून आले?”

प्रश्न इतका नेमका होता की आम्ही तो फळ्यावर लिहून ठेवला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. या भिंतीच्या दुरुस्तीचे दोन प्रस्ताव सध्या विश्वस्त मंडळापुढे आहेत. पहिल्यात त्याच भिंतीवर आणखी जाड असा कृत्रिम गिलावा चढवायचा आहे. दुसऱ्यात जुना रंग खरवडून चुन्याचा गिलावा करायचा आणि वर पडवी काढायची आहे. त्यामुळे हे उत्तर परीक्षेपुरते नाही; पुढची अनेक वर्षे ज्या वर्गांत मुले बसणार, त्या वर्गांचा हा प्रश्न आहे.

पाणी भिंतीत शिरते कसे?

भिंतीत पाणी शिरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पाणी, फट आणि पाण्याला आत नेणारे बल. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी भिंत कोरडी राहते.

पाणी आपल्याकडे भरपूर आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सर्वांत जास्त झोडपली जाते.

फटींनाही तोटा नाही. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा, छप्पर भिंतीला टेकते ती जागा, नळ आणि विजेच्या तारा आत येतात ती भोके, गिलाव्यातील केसासारखे तडे, या सगळ्या फटीच. सांध्यात भरलेले सीलंट उन्हाने कडक होते, आक्रसते आणि काही वर्षांत चौकटीपासून सुटते.

आत नेणारी बले तुम्ही पुस्तकात शिकला आहात. वारा पाण्याला ढकलतो. गुरुत्वाने ते खाली ओघळते. पृष्ठताणामुळे छज्जाच्या खालच्या बाजूला चिकटून ते भिंतीपर्यंत सरकते; म्हणूनच छज्जाच्या खाली कडेलगत एक खाच ठेवतात, तिथे थेंब तुटून पडतो. आणि केशाकर्षणाने पाणी बारीक तड्यात आपोआप ओढले जाते. तडा जितका बारीक तितकी ही ओढ अधिक. म्हणजे ‘केसासारखा तर तडा आहे, त्याने काय होते’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

हे लक्षात घेतले की पहिला धडा मिळतो. पावसाळी प्रदेशात बांधलेल्या भिंतीत थोडेफार पाणी कधी ना कधी शिरणारच. म्हणून ‘पाणी कसे अडवावे’ या प्रश्नाच्या जोडीला ‘शिरलेले पाणी बाहेर कसे जाईल’ हाही प्रश्न विचारावा लागतो. तो न विचारल्याने काय होते, हे पाहायला थोडे दूर जाऊ.

कृत्रिम गिलाव्याचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात, जर्मनीमध्ये घरांच्या बाहेरून थंडी रोखणारे एक आवरण तयार झाले. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर थर्माकोलच्या जातीचे फलक चिकटवायचे, त्यावर काचतंतूंची जाळी बसवलेला पातळ लेप द्यायचा आणि शेवटी ॲक्रिलिक राळेचा रंगीत, खरबरीत थर द्यायचा. दिसायला हुबेहूब गिलावा, पण वजनाला हलका, आणि घरातील ऊब बाहेर जाऊ न देणारा. यालाच सिंथेटिक स्टको किंवा कृत्रिम गिलावा म्हणतात. तिथल्या भिंती विटांच्या होत्या. चुकून थोडे पाणी मागे गेलेच, तर वीट काही कुजत नाही. ती पाणी शोषते आणि सवडीने सुकते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत अमेरिकेत गेली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर घर गरम ठेवण्याचा खर्च वाढला आणि तिची मागणीही वाढली. पण तिथली बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. सांगाड्यावर प्लायवूडचे किंवा लाकडाच्या चिपा दाबून केलेले फलक ठोकतात आणि त्यावर बाहेरचे आवरण येते. आवरण जर्मनीतले तेच राहिले, त्याच्या मागची भिंत मात्र बदलली.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर उत्तर कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन या समुद्रकाठच्या शहरात याचे परिणाम दिसू लागले. घरे नवी होती, बाहेरून सुबक होती. तपासनीसांनी ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या सुया गिलाव्यातून आत घातल्या, तेव्हा घरामागून घरांत आतले लाकूड भिजलेले निघाले. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर गेला आणि तसाच राहिला की बुरशीचा धोका सुरू होतो. काही ठिकाणी फलक इतके कुजले होते की हाताने चुरा व्हावा. वरचा गिलावा मात्र धडधाकट!

पाणी गिलाव्याच्या आरपार गेले नव्हते. ते शिरले होते खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून, उतरते छप्पर भिंतीला जिथे संपते त्या जागेतून आणि सुटलेल्या सांध्यांतून. ही पद्धत ‘पाणी आत येणारच नाही’ या गृहीतावर उभी होती, म्हणून आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवलेली नव्हती. ॲक्रिलिक थरातून बाष्प फार हळू जाते. म्हणजे पाणी धारेने आत आले आणि त्याला बाहेर जायचे होते वाफेने, तेही मिटलेल्या दारातून. आपल्या सातवीच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर नेमके हेच आहे. फोडातले पाणी रंगातून आत गेले नाही. ते बाजूने आणि वरून गेले आणि रंगामुळे आत अडकून पडले.

एकट्या गिलाव्याचा दोष नव्हता

‘मग तो कृत्रिम गिलावाच वाईट’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याच सुमारास कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर शहरात आणि आसपास, १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या शेकडो निवासी इमारती गळू लागल्या. त्यांची आवरणे निरनिराळी होती. सिमेंटचा गिलावाही त्यात होता. या प्रकरणाची चौकशी ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये केली. अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्या घरांत अडकली होती. त्याआधी १९९६ मध्ये झालेल्या तांत्रिक पाहणीत एक साधी गोष्ट आढळली होती: भिंतीच्या वर छप्पर जितके पुढे आलेले, तितका त्या भिंतीचा बिघाड कमी. ज्या इमारतींना पुढे आलेले छप्परच नव्हते, त्यांचे हाल सर्वांत जास्त.

न्यूझीलंडमध्येही तेच घडले. तिथे १९९० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारखी, सपाट माथ्याची, वळचण नसलेली, गुळगुळीत आवरणाची घरे बांधण्याची टूम आली. त्यातच रासायनिक प्रक्रिया न केलेले लाकूड सांगाड्यासाठी वापरायला परवानगी मिळाली. २००२ मध्ये नेमलेल्या समितीने दोष कोणा एका वस्तूचा नसून आराखडा, बांधकाम, देखरेख आणि नियम अशा सगळ्यांचा असल्याचे सांगितले. २००९ मध्ये सरकारसाठी केलेल्या अंदाजानुसार बाधित घरे सुमारे ४२ हजार होती.

या अनुभवांतून तिथल्या अभियंत्यांनी चार गोष्टी निश्चित केल्या. त्या आपल्या भाषेत लक्षात ठेवायला सोप्या आहेत.

१. वळवा. पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच देऊ नका. पुढे आलेले छप्पर, छज्जा, खिडकीच्या माथ्यावर पत्र्याची पट्टी, छज्जाखालची खाच ही सारी वळवण्याची साधने.

२. वाट द्या. आवरणाच्या मागे थोडी मोकळी जागा आणि तळाशी भोके ठेवा. आत शिरलेले पाणी मागच्या भिंतीला न लागता ओघळून बाहेर पडेल.

३. वाळू द्या. भिंतीची निदान एक बाजू तरी बाष्पाला मोकळी ठेवा.

४. टिकाऊ वापरा. जिथे ओल पोहोचू शकते तिथे कुजणारी, गंजणारी वस्तू नको.

उत्तर कॅरोलिनात आणि पुढे अमेरिकेच्या इतर भागांतही लाकडी घरांवरील कृत्रिम गिलाव्याच्या मागे पाण्याला वाट ठेवणे नियमाने आवश्यक झाले. अशी वाट ठेवलेला कृत्रिम गिलावा आज तिथे नीट काम देतो. म्हणजे वस्तू तीच राहिली, विचार बदलला.

आपल्या आजोबांची भिंत

आता घरी येऊ. गोव्यातील जुनी घरे पाहिली तर वरच्या चार गोष्टी आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकवल्या नव्हत्या असे दिसते, पण त्या होत्या. नळ्यांचे उतरते छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येई. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. घराभोवती पडवी असे. जोते उंच असे, म्हणून जमिनीवर आपटून उडणारे पाणी भिंतीला कमी लागे. पावसाळ्याच्या तोंडावर मातीच्या भिंतींना चुडतांचे विणलेले झाप बांधत. झाप भिंतीला घट्ट चिकटत नाही, मध्ये वारा खेळतो. पाणी झापावरून ओघळते आणि मागची भिंत सुकी राहते. व्हँकूव्हरमध्ये गळक्या इमारती दुरुस्त करताना पुढे एक आवरण, मध्ये पोकळी आणि मागे खरी भिंत अशी रचना केली गेली. झापाची आणि तिची जातकुळी एकच. आज झापांच्या जागी आपण पत्रे बांधतो, त्यामागेही तेच तत्त्व आहे.

भिंत असे चिऱ्यांची. चिरा म्हणजे जांभा दगड, भोकाभोकांचा आणि पाणी पिणारा. त्याच्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा असे. चुनाही सच्छिद्र, पण त्याची छिद्रे चिऱ्याच्या भोकांपेक्षा बारीक. मोठ्या भोकांतले पाणी बारीक छिद्रांकडे ओढले जाते, म्हणून चिऱ्यातली ओल गिलाव्यात येई आणि ऊन पडले की तिथून उडून जाई. अशी भिंत पाणी अडवीत नसे. ती थोडे पाणी पोटात घेई आणि परत देई. त्या बदल्यात गिलावा झिजे, तो अधूनमधून दुरुस्त करावा लागे. झिजणे हे त्याचे कामच होते; तो झिजला म्हणून चिरा वाचला.

हा गिलावा काढून टाकला तर काय होते, याचे उदाहरण जुन्या गोव्यात आहे. बॉम जेझुस बासिलिकेचे लोकार्पण १६०५ साली झाले. १९५० च्या दशकात तिच्या बाहेरच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा काढण्यात आला आणि तांबडा जांभा उघडा पडला. आज पर्यटकांना तोच तिचा मूळ रंग वाटतो. पण तेव्हापासून दर पावसाळा थेट दगडावर पडतो आहे आणि दगड झिजतो आहे. म्हणजे चुका दोन्ही बाजूंनी होतात. भिंतीचे कातडे काढणे ही एक चूक, आणि तिच्यावर श्वास कोंडणारे कातडे चढवणे ही दुसरी.

आपल्या भिंतीचे निदान

आम्ही आणि नववीच्या विद्यार्थ्यांनी पश्चिमेची भिंत आतून-बाहेरून पाहिली आणि वहीत तिचा नकाशा काढला. चार गोष्टी आढळल्या.

एक, सर्वांत मोठे फुगवटे खिडक्यांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत. चौकटीभोवतीचे सीलंट बोटाने सुटून येते. दोन, खिडक्यांवरच्या छज्जांना खालून खाच नाही. थेंब सरकत भिंतीपर्यंत येतो. तीन, जुन्या पन्हळीची एक जोडणी निसटली आहे आणि तिचे पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी भिंतीवर पडते. चार, आतल्या बाजूने मुलांच्या हातांचे डाग धुता यावेत म्हणून चार फूट उंचीपर्यंत ऑइल पेंट दिलेला आहे. म्हणजे बाहेरून रबरी रंग, आतून तैलरंग आणि मध्ये पाणी प्यालेला चिरा. दोन्ही दारे बंद! ऑइल पेंटच्या वरच्या कडेला पांढरी खार फुटली आहे, कारण ओलीला बाहेर पडायला तिथेच पहिली मोकळी जागा मिळते. पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात.

तीन वर्षांपूर्वी रंग मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या घाईत दिला गेला, हेही नोंदवायला हवे. ज्याने काम केले त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घाई आपलीच होती. पन्हळ तुटलेली आणि रंग भिंतीला, म्हणजे ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार झाला.

करून पाहा

प्रयोग १. एकाच आकाराचे चिऱ्याचे दोन तुकडे घ्या. दोन्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पुसून वजन करा. एक तुकडा तसाच ठेवा. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा आणि पिशवीला एक लहान चीर द्या. आठ दिवस रोज वजन करून आलेख काढा. दोन रेषांमधले अंतर म्हणजे आपल्या भिंतीची तक्रार.

प्रयोग २. घरातील ओलसर भिंतीवर दोन वीत लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा. एक दिवसाने पाहा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला असतील तर ती हवेतील बाष्पाची आहे. तिथे गिलाव्याचा नव्हे, वायुवीजनाचा उपाय करावा.

पालक आणि विश्वस्त यांना

पालकहो, आपल्यापैकी अनेकांनी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला असाच रंग दिला असेल किंवा देण्याच्या विचारात असाल. आमची विनंती एवढीच की रंगाची निवड ही शेवटची पायरी ठेवा. आधी छप्पर आणि पन्हळ, मग खिडक्यांचे सांधे आणि छज्जे, मग जोत्यालगतचे उडणारे पाणी, मग गिलावा आणि अखेरीस रंग. ओल दिसते कुठे यावरून तिचा उगम शोधता येतो. जमिनीपासून वर चढलेली ओल बहुधा जमिनीची, खिडकीखालची खिडकीची, छताजवळची छपराची. आणि ओल्या भिंतीवर कोणताही रंग नको.

विश्वस्त मंडळाला आम्ही आमचे मत स्पष्ट सांगतो. पहिल्या प्रस्तावातील कृत्रिम गिलावा चांगल्या प्रतीचा असेलही, पण भिजलेल्या चिऱ्यावर आणि फुगलेल्या रंगावर तो चढवणे म्हणजे विल्मिंग्टनचा धडा इथे पुन्हा गिरवणे. चिरा लाकडासारखा कुजणार नाही, म्हणून भिंत पडणार नाही. पण वर्गातली ओल आणि बुरशी तशीच राहील. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ओलसर, बुरशी लागलेल्या खोल्यांचा खोकला, दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींशी संबंध असल्याचे नमूद आहे. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या बाकांवर पहिली-दुसरीची मुले बसतात.

दुसऱ्या प्रस्तावाला वेळ अधिक लागेल. जुना रंग पूर्ण खरवडावा लागेल, आतला ऑइल पेंटही काढावा लागेल, भिंत उन्हाळ्यात सुकू द्यावी लागेल आणि चुन्याचे काम पावसाच्या बरेच आधी संपवावे लागेल, कारण चुना सावकाश कडक होतो. दर काही वर्षांनी हात फिरवावा लागेल, हेही खरे. त्यातही पैसे अपुरे पडले तर गिलावा एक वर्ष थांबवावा. पण पन्हळ, छज्जाच्या खाचा आणि पडवी या वर्षीच करावीत, असे आम्हाला वाटते. त्या तीन कामांनी पाणी वळेल आणि रंग खरवडला की भिंत आपोआप वाळायला लागेल.

सातवीच्या मुलांनी फोडलेला तो फुगवटा आम्ही अजून बुजवलेला नाही. त्याच्या भोवतीचा चिरा बाकी भिंतीपेक्षा लवकर सुकतो, असे नकाशा काढताना नववीच्या मुलांच्या लक्षात आले. पेन्सिलच्या एका टोकाने भिंतीला एक वाट मिळाली होती.

स्वाध्याय

१. पाणी भिंतीत शिरायला लागणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या? झाप बांधल्याने त्यांपैकी कोणत्या कमी होतात?
२. जर्मनीत नीट चाललेले आवरण विल्मिंग्टनमध्ये का फसले? चार वाक्यांत लिहा.
३. ‘गिलावा झिजला म्हणून चिरा वाचला’ या वाक्याचा अर्थ बॉम जेझुस बासिलिकेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. आपल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीचा नकाशा काढा. ओल कुठे दिसते ते दाखवा आणि तिचा उगम कोणता असावा ते घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून लिहा.